मार्गदर्शकांनी ‘कशासाठी?’ असं का लिहिलं

*“मी इतिहासात एम.ए. करते आहे, शेवटचं सत्र. लघुप्रबंधाचा विषय ‘पानिपतची बातमी दक्षिणेत कशी पोहोचली’. साठेक पानं. संदर्भसूचीत प्राथमिक आणि दुय्यम असे दोन गट केले आणि जुनं ते प्राथमिक असं धरून १९०० च्या आधीचं सगळं पहिल्या गटात घातलं: भाऊसाहेबांची बखर, नाना फडणविसांचं आत्मचरित्र, काशिराजाची हकिगत, ग्रँट डफ, राजवाड्यांचा पहिला खंड. ‘दोन मोत्ये गळाली’ हे पत्र तर पहिल्याच पानावर टाकलं. मसुदा परत आला. ग्रँट डफवर काट, बखरीखाली रेघ, राजवाड्यांपुढे प्रश्नचिन्ह, मोत्यांच्या पत्रापुढे ‘कुठे पाहिलंत?’ आणि नानांच्या आत्मचरित्रापुढे नुसतं ‘कशासाठी?’. विचारायला गेले तर सर म्हणाले, विचार करा. सात आठवडे उरलेत. शिवाय आजोळी एका पेटीत मोडी कागद आहेत, ते प्राथमिक धरायचे का?”*
*– एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा*

सर कमी बोलले, पण ‘कशासाठी?’ या एका शब्दात त्यांनी तुम्हाला उत्तर देऊन टाकलंय. साधन प्राथमिक की दुय्यम हे कागदाच्या वयावर ठरत नाही. तुम्ही त्या कागदाला काय विचारता, त्यावर ठरतं.

नानांचंच घ्या. नाना फडणवीस पानिपतावर हजर होते. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, म्हणजे १४ जानेवारी १७६१ ला एकोणीस वर्षंही पुरी नव्हती. त्या धामधुमीत त्यांची आई हरवली, ते स्वतः जीव वाचवून निघाले. लष्कर फुटल्यावर पळणाऱ्या माणसांची काय गत झाली, हा तुमचा प्रश्न असेल तर आत्मचरित्र प्राथमिक साधन आहे, आणि फार मोलाचं आहे. पण नानासाहेब पेशव्यांच्या छावणीत बातमी कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हातून आली, हा प्रश्न असेल तर? नाना त्या छावणीत नव्हते. त्यांनी त्याबद्दल काही म्हटलं तरी ते ऐकीव. आणि पुढे कारभारी झालेल्या माणसाने आपल्या उमेदीच्या वयातला पराभव कसा आठवला, असा प्रश्न घेतलात तर तेच पुस्तक पुन्हा प्राथमिक. पुस्तक एक, प्रश्न तीन, जागा तीन. तुमच्या सूचीत मात्र ते एका रकान्यात खिळा ठोकून बसवलंय. म्हणून ‘कशासाठी?’.

तेव्हा प्रत्येक साधनाला आधी एवढं विचारा: लिहिणारा त्या वेळी त्या ठिकाणी होता का? नसेल तर त्याला कोणी सांगितलं? घटना आणि लेखणी यांच्यामध्ये किती दिवस गेले? आणि हे त्याने कोणाला, कशाकरता लिहिलं? चौथा प्रश्न विद्यार्थी हमखास गाळतात, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच असतो.

आता मोत्यांचं पत्र. यावर जरा जास्त वेळ घालवू, कारण तुमच्या विषयाचा गाभा हाच आहे आणि मराठी वाचकाला हे पत्र तोंडपाठ असतं.

मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा ग्रँट डफ सांगतो ते असं: पेशवे नर्मदा उतरत असताना लष्कराजवळून एक कासिद, म्हणजे पत्रं पोहोचवणारा निरोप्या, चालला होता. पानिपताहून औरंगाबादेला नवव्या दिवशी पोहोचायचं अशा बोलीवर सावकारांनी धाडलेला. पेशव्यांनी त्याच्याकडचं पत्र फोडलं. आत मजकूर असा की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांबं किती गेलं त्याची बेरीज लागत नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, हा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. ही हकिगत छापून आली १८२६ साली, इंग्रजीत, लढाईला पासष्ट वर्षं झाल्यावर.

मग तुम्ही पहिल्या पानावर अवतरणचिन्हांत जो मराठी मजकूर दिलाय, तो कुठला? सरांचा ‘कुठे पाहिलंत?’ हा शेरा एवढंच विचारतो. हे वाक्य ज्या ज्या पुस्तकांत आहे अशी चार-पाच पुस्तकं शेजारी ठेवून पाहा. कुठे ‘रुपये-खुर्दा’ असतं, कुठे ‘चांदी-तांबं’. कुठे ‘गणती नाही’, कुठे ‘मोजदाद नाही’. एकाच मूळ कागदावरून सगळ्यांनी उतरवून घेतलं असतं तर शब्द असे भटकले नसते. शब्द भटकतात तेव्हा समजावं की कोणी भाषांतर करतंय, कोणी आठवणीतून लिहितंय, आणि कोणी दुसऱ्याचं पाहून लिहितंय. प्रत्येक पुस्तकाची तळटीप बघा आणि ती ज्याच्याकडे बोट दाखवते ते पुस्तक काढा. त्याची तळटीप बघा. जिथे साखळी थांबते तेच तुमचं साधन. साखळी ग्रँट डफपाशी थांबली तर तळटीपेत ग्रँट डफ येणार, आणि वाक्य असं होणार: ‘ग्रँट डफने दिलेल्या हकिगतीनुसार…’. ‘पेशव्यांनी पत्र फोडले, त्यात लिहिले होते’ असं सरळ विधान करण्याचा हक्क मूळ कागद हाती असणाऱ्याचा.

त्या हकिगतीची तपासणी मात्र तुम्ही आजही करू शकता. पानिपत ते औरंगाबाद हे अंतर आजच्या रस्त्याने बाराशे-तेराशे किलोमीटर भरतं. नऊ दिवसांत म्हणजे रोज १३० च्या वर. एका माणसाच्या पायांचं हे काम नव्हे. मुक्कामागणिक ताजा माणूस किंवा ताजं जनावर मिळत असेल तरच जमेल. म्हणजे सावकारांची अशी टप्प्यांची डाक उत्तरेतून दक्षिणेत चालू होती का, हा प्रश्न उभा राहतो, आणि तो थेट तुमच्या विषयाचा आहे. दुसरी विसंगती जागेची. ग्रँट डफ नर्मदा म्हणतो, नंतरची बरीच पुस्तकं २४ जानेवारी आणि भेलसा म्हणतात. भेलसा म्हणजे आजचं विदिशा, नर्मदेच्या बरंच उत्तरेला. दोन्ही एकदम खरं असणार नाही. याचा निकाल कोणत्याही इतिहासकाराच्या मतावर लावू नका. त्या आठवड्यात खुद्द नानासाहेबांच्या छावणीतून गेलेली पत्रं शोधा आणि त्यावरचे मुक्काम आणि तारखा जुळवा.

आणि हे पत्र पहिल्या पानावरून काढलंत तरी फेकू नका, शेवटच्या प्रकरणात न्या. ‘पानिपतची बातमी महाराष्ट्राने कशी आठवली’ असा पोटप्रश्न घेतलात तर १८२६ पासून आजवर या मजकुराची जी जी रूपं छापली गेली, ती सगळी त्या प्रश्नापुरती प्राथमिक साधनं होतात. तिथे शब्दांचं भटकणं हाच पुरावा ठरतो.

ग्रँट डफबद्दल आणखी दोन गोष्टी. १८१८ नंतर तो सातारच्या गादीपाशी कंपनी सरकारचा अधिकारी होता. मराठी दप्तरं आणि घराण्यांचे कागद त्याला पाहायला मिळाले. तेव्हा १७६१ साठी तो दुय्यम असला तरी त्याच्या तळटीपा झटकून टाकू नका, त्याने पाहिलेल्या कागदांचा माग कधी कधी तिथूनच लागतो. आणि पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी मराठी राज्याचा अर्थ कसा लावला हे विचारायचं असेल तर तो पहिल्या नंबरचा साक्षीदार आहे. दुसरी गोष्ट सापळ्याची: त्याच्या ग्रंथाचं मराठी भाषांतर काही वर्षांतच झालं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मराठ्यांची बखर’. नाव बखर, भाषा जुनी, छपाई जुनी, म्हणून दरवर्षी कोणीतरी ते प्राथमिक गटात घालतं. ते दुय्यम ग्रंथाचं भाषांतर आहे.

तुमचं खरं साहित्य पत्रांत आहे, म्हणून पत्र कसं वाचायचं ते नीट सांगतो.

पेशवाईतल्या खासगी-राजकी पत्राचा साचा ठरलेला असतो. वर ‘श्री’, मग ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’, पदव्या, ‘विनंति उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे. विशेष.’ हा ‘विशेष’ संपेपर्यंत बातमी सुरू होत नाही. पुढे मजकूर, शेवटी ‘छ’ घालून चंद्राची तारीख आणि महिना, ‘बहुत काय लिहिणे’. पुष्कळदा पत्र पोहोचल्याची नोंद, पैवस्ती, दुसऱ्याच हाताने केलेली असते. सगळे लोक मजकूर वाचतात. बातमी कशी पोहोचली हे शोधणाऱ्याने ही पैवस्ती आधी वाचायची. लिहिल्याची तारीख आणि पोहोचल्याची तारीख यातलं अंतर म्हणजे त्या वाटेवरचा त्या दिवसांतला वेग. अशी पंधरा-वीस अंतरं हाती आली की ‘बातमी झपाट्याने पसरली’ अशी वाक्यं आपोआप गळून पडतील आणि त्यांच्या जागी आकडे येतील.

मग मजकुराची झेरॉक्स घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं ते एका रंगाने. ‘वर्तमान आले’, ‘ऐकिले’, ‘आवई आहे’, ‘जासूद सांगतो’ असं जे जे येतं ते दुसऱ्याने. अंदाज, सल्ला, तक्रार, पैशाची मागणी तिसऱ्याने. एकाच पत्रात पहिला रंग दोन ओळी आणि दुसरा वीस ओळी, असं बऱ्याचदा दिसेल. त्या दोन ओळींपुरतं पत्र घटनेचं प्राथमिक साधन. बाकीच्या वीस ओळी घटनेबद्दल दुय्यमच म्हणायच्या, जरी शाई त्याच आठवड्यातली असली तरी.

पण इथे तुमच्या विषयाचं नशीब चांगलं आहे. तुम्ही ‘लढाईत काय झालं’ असं विचारतच नाही आहात, ‘काय कळलं आणि कधी’ असं विचारताय. मग त्या वीस ओळी तुमच्यासाठी प्राथमिकच. भाऊसाहेब सुखरूप निघाले अशी खोटी आवई एखाद्या पत्रात असेल तर लढाईच्या इतिहासकाराला ती टाकावी लागते, तुम्हाला ती सोन्यासारखी आहे: त्या गावात त्या तारखेला लोक हे मानत होते, याचा तो लेखी पुरावा. भाऊसाहेबांच्या मृत्यूबद्दलची ही अनिश्चितता किती खोल गेली होती हे पुढे तोतया उभा राहिला त्यावरून कळतंच.

पत्र अस्सल आणि त्याच दिवसांतलं असलं म्हणजे ते खरं बोलतं, असं समजू नका. १७६० सालातली भाऊसाहेबांची गोविंदपंत बुंदेल्यांना गेलेली पत्रं पाहा: पैसा पाठवा, रसद पाठवा, शत्रूच्या मुलखात दंगा करा. वरिष्ठ जेव्हा मामलतदाराकडे पैसा मागतो तेव्हा आपली ओढ वाढवून सांगतो आणि त्याचा आळस वाढवून सांगतो. मामलतदार उत्तर देतो तेव्हा मुलखाची नादारी वाढवून सांगतो. दोन्ही पत्रं प्राथमिक, दोन्ही बाजू धरून लिहिलेली. एकाच्या पत्रांवरून दुसऱ्याला कामचुकार ठरवणं ही चूक मोठमोठ्यांनी केली आहे.

पत्रं नसणं हीही नोंद करण्याची गोष्ट आहे. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि भाऊसाहेब व दिल्ली यांच्या मध्ये आला. तिथून पुढे छावणीची दक्षिणेकडची वाट तुटत गेली आणि पत्रांची रीघ आटली. म्हणूनच शेवटच्या अडीच महिन्यांबद्दल नंतर लिहिलेल्या हकिगती आणि बखरींवर इतकी भिस्त ठेवावी लागते. हे कारण प्रबंधात स्पष्ट लिहा. नाहीतर परीक्षक विचारतील की डिसेंबरची पत्रं का नाहीत, आणि तुम्हाला वाटेल आपलंच शोधणं कमी पडलं.

तारखांबद्दल थोडं, कारण इथे चूक झाली की तुमचा सगळा वेगाचा हिशेब कोसळतो. पत्रावर सन असतो तो बहुधा सुहूर, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारी एक कालगणना, आणि आकड्यांऐवजी अरबी शब्दांत: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, सितैन ६०, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. पानिपतच्या वेळचा सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. सुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तेव्हा ११६१ मधलं पावसाळ्यातलं पत्र १७६० चं आणि पौष-माघातलं १७६१ चं. सरसकट ५९९ मिळवणारा विद्यार्थी पानिपतनंतरचं पत्र पानिपतच्या वर्षभर आधी नेऊन ठेवतो आणि मग त्यात ‘भाकीत’ शोधतो. सितैनच्या जागी सबैन वाचलं तर दहा वर्षं पुढे. शकाचंही तसंच: लढाई शके १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार. एरवी शकात ७८ मिळवतात, पण जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंत ७९. चंद्राची तारीख जंत्रीवरून, म्हणजे तारखा जुळवण्याच्या कोष्टकावरून, फिरवा, पेशवाईसाठी मोडकांची जंत्री चालते. एका दिवसाचा फरक पडला तर घाबरू नका, चंद्रदर्शनावर मोजलेल्या तारखेत तो पडतोच. तिथी, वार आणि चंद्र तिन्ही दिले असतील तर तिन्ही जुळवून पाहा. न जुळल्यास नकलकाराची चूक, वाचणाऱ्याची चूक किंवा बनावट, यापैकी काहीतरी आहे. (उद्या शिवकाळाकडे वळलात तर एक लक्षात असू द्या: त्या वेळचे सुरतेचे इंग्रज जुन्या (ज्युलियन) पंचांगाने तारखा घालत आणि गोव्याचे पोर्तुगीज नव्या (ग्रेगोरियन). एकाच दिवसाला दोघांच्या कागदांत दहा दिवसांचा फरक दिसतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पंचांगाची आहे.)

राजवाड्यांपुढचं प्रश्नचिन्ह वेगळ्या कारणाचं आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा, आणि त्यात १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत. छापलेलं असलं तरी पत्र प्राथमिकच, फक्त ‘मुद्रित’ असं म्हणायचं. पण त्याच खंडाला राजवाड्यांची लांबलचक प्रस्तावना आहे. तीत ते पानिपतच्या कारणांची चर्चा करतात, बखरींना झोडतात, ग्रँट डफशी भांडतात. ती प्रस्तावना दुय्यम आहे, कितीही तेजस्वी असली तरी. तुम्ही सूचीत ‘राजवाडे, खंड १’ एवढंच लिहिलंत. सरांना कळेना की तुम्ही पत्राला साक्षीला बोलावताय की राजवाड्यांना. तळटीपेत पत्राचा क्रमांक द्या, प्रस्तावना असेल तर ‘प्रस्तावना, पृ.’ असं वेगळं लिहा.

हीच काळजी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांबाबत. सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्याचे ४५ भाग छापले, त्यातला दुसरा भाग पानिपतचा. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळींचा सारांश आहे. घाईतला विद्यार्थी तो वाचतो, मराठीत आणतो आणि तळटीपेत पत्राचा क्रमांक घालतो. त्याने प्रत्यक्षात संपादकाला उद्धृत केलेलं असतं. सारांश शोधण्यासाठी, मजकूर उद्धृत करण्यासाठी. कंसातल्या तारखाही संपादकाने ठरवलेल्या असतात. कागदावर सन नसेल तर त्याने अंदाज केला, आणि संपादक कितीही मोठा असला तरी अंदाज चुकू शकतो. टिंबं दिसली की विचारा: कागद फाटलाय, अक्षर लागलं नाही, की संपादकाने वगळलंय? मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे तोडायचा हेसुद्धा वाचणाऱ्याचं मत असतं.

काशिराज थोडक्यात. तो अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी, म्हणजे लढाईच्या वेळी अब्दालीच्या बाजूच्या छावणीत. मराठ्यांशी चाललेल्या बोलण्यांत त्याचा हात होता. फारसीत लिहिलं ते १७८० च्या सुमारास, एकोणीस वर्षांनी. त्याचं इंग्रजी झालं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे जदुनाथ सरकारांनी फारसीवरून पुन्हा भाषांतर केलं, कारण आधीचं भरवशाचं नव्हतं. तुम्ही कोणतं वाचलंत? इंग्रजीवरून मराठीत आलेलं असेल तर तुमच्यात आणि काशिराजात दोन माणसं बसली आहेत, त्यांची नावं तळटीपेत यायला हवीत. बाकी त्या छावणीसाठी तो अव्वल साक्षीदार, भाऊसाहेबांच्या डेऱ्यातल्या मसलतींसाठी ऐकीव, आणि दक्षिणेत बातमी कशी गेली यासाठी जवळपास निरुपयोगी. तुमच्या प्रबंधात त्याला अर्धं पान पुरे.

भाऊसाहेबांच्या बखरीला काट नाही, नुसती रेघ आहे, हे पाहिलंत ना? बखरीत बंद डेऱ्यातली संभाषणं शब्दाला शब्द येतात. असं संभाषण दिसलं की विचारायचं, तिथे तिसरं कोण होतं? संभाषणं बाजूला ठेवा, तारखा पत्रांवरून घ्या. मग बखरीत उरतं तेही कमी नाही: सरदारांमधले हेवेदावे लोकांना कसे दिसले, दोष कोणाच्या माथी मारला गेला, कोणते शब्द कोणाच्या तोंडी शोभले. पराभवानंतर मराठी मुलखात पानिपताचा अर्थ कसा लागला याला बखर प्राथमिक आहे.

आणि दुय्यम म्हणजे हलकं, हा समज मनातून काढा. कामाची सुरुवात दुय्यमापासूनच करायची. शेजवलकरांचं १९४६ चं पानिपतवरचं पुस्तक आधी पूर्ण वाचा, मगच खंड उघडा, नाहीतर पत्रांतली अर्धी माणसं कोण हे कळणारही नाही. फक्त शेजवलकरांनी पाहिलेलं पत्र तुम्ही पाहिल्यासारखं दाखवू नका. मूळ पाहिलं नसेल तर ‘उद्धृत, शेजवलकर, पृ. अमुक’. असं लिहिण्यात काही कमीपणा नाही. न लिहिता पकडलं जाण्यात आहे, आणि पकडलं जातं ते हमखास. शेजवलकरांच्या पुस्तकातली मुद्रणदोषाची चूक तुमच्या तळटीपेत तशीच उतरलेली असते.

सात आठवडे असे घालवा. पहिले चार दिवस नवीन काही वाचू नका. तुमच्या साठ पानांतलं प्रत्येक ठोस विधान एकेका कागदाच्या चिठ्ठीवर उतरवा, शंभर-सव्वाशे होतील. चिठ्ठीवर पाच गोष्टी: विधान, साधन, तुम्ही ते कुठे पाहिलंत (मूळ, मुद्रित, भाषांतर, उद्धृत), घटनेनंतर किती दिवसांनी लिहिलेलं, आणि ‘पाहिलेलं’ की ‘ऐकलेलं’. ज्या चिठ्ठ्यांवर पाचही भरता येत नाहीत तेवढंच तुमचं काम आहे. दुसरा ते चौथा आठवडा राजवाडे खंड १ आणि पेशवे दप्तर भाग २, पण फक्त पौष ते फाल्गुन शके १६८२ ची पत्रं, आणि त्यांचा एक तक्ता: आडवे दिवस, उभी गावं, प्रत्येक चौकोनात ‘काय कळलं होतं’. हा तक्ताच तुमचं मधलं प्रकरण.

पाचव्या आठवड्यात पुण्याला जा, पण ठरवून. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. ‘काहीतरी सापडेल’ म्हणून जाणाऱ्याला तिथे महिना घालवूनही हाती काही लागत नाही. ज्या चार-पाच छापील पत्रांवर तुमचा हिशेब उभा आहे, त्यांचीच मुळं मिळतात का पाहा. विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र आणि पत्रांची यादी सोबत न्या, नियम आधी फोनवर विचारून घ्या. भारत इतिहास संशोधक मंडळातही चौकशी करा. मोडीची अक्षरं दोन-तीन आठवड्यांच्या रोजच्या सरावाने ओळखू येतात, पण घाईतलं वळण वाचायला महिने लागतात. तेव्हा जाणकार वाचकाला शेजारी बसवा आणि फक्त तारीख, सन, मुक्काम आणि पैवस्ती छापील मजकुराशी ताडून घ्या. शेवटचे दोन आठवडे लेखनाला. संदर्भसूची दोन गटांतच मागतात, द्या. पण प्रस्तावनेत दोन पानं साधनचर्चा घाला आणि तिथे कोणतं साधन कोणत्या प्रकरणात कशाकरता वापरलं ते लिहा. सरांचा ‘कशासाठी?’ तिथे मिटेल.

राहिली आजोळची पेटी. ते कागद प्राथमिक आहेत, पण आजोळच्या जमिनीचे, वतनाचे, कर्जाचे असण्याची शक्यता फार. पानिपताशी संबंध लागला तर आनंद, लागला नाही तर ओढून लावू नका. वतनाचा महजर (सभेपुढे झालेला निवाडा) किंवा सनद निघाली तर जास्त सावध व्हा. वतनाच्या भांडणात खोटे कागद सर्रास तयार होत, आणि खऱ्या कागदांच्या नंतरच्या नकलाही असतात. कागद छापील मुद्रांकाचा असेल किंवा यंत्रावरचा गुळगुळीत असेल, आणि तारीख शिवकाळाची, तर ती फार तर नक्कल. नकलेला नकलेच्या काळाचं साधन म्हणून मोल असतंच.

कागद उलगडण्याआधी पेटी उघडल्या उघडल्या जशी आहे तशी तिचा फोटो काढा. कोणती गुंडाळी कोणत्या रुमालात, कोणाच्या वर कोण, हा क्रम एकदा मोडला की परत मिळत नाही, आणि बिनतारखेच्या कागदाचा काळ बऱ्याचदा शेजारच्या कागदावरूनच ठरतो. मग प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. पाठ कोरी वाटली तरी घ्या, पैवस्ती तिकडे असू शकते. घडीवर कडक झालेला कागद जोर लावून उघडू नका, तसाच राहू द्या. सेलोटेप नको, लॅमिनेशन नको, आणि पेन्सिलनेसुद्धा कागदावर क्रमांक घालू नका. क्रमांक बाहेरच्या पाकिटावर.